ह्यांच्या फोटोला हार

अजून जसंच्या तसं आठवतं. ह्यांचं बायपासचं ऑपरेशन सोमवारी, आणि शनिवारी सकाळी आम्ही दोघं आणि मुलगी अमेरिकेतल्या चँडलरच्या आमच्या हॉलमध्ये चहाचे कप घेऊन टीव्हीसमोर बसलेलो. टीव्हीवर व्हिडिओ कॉल लावलेला, आफ्रिकेत मलावीतल्या एका खेड्यातली शाळा. तिकडे ऊन कलायला आलेलं.

थांबा, शाळेचं सांगते. ह्यांनी जन्मभर कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात पाण्याचे पाइप सांभाळले. रिटायर झाल्यावर घरी बसून करायचं काय? मग एका संस्थेतर्फे त्या शाळेला आणि शेजारच्या दवाखान्याला बोअरचं पाणी नळानं द्यायचं काम अंगावर घेतलं. सारखे व्हिडिओ कॉल. टाकी किती उंच, नळ कुठे, तिथल्या हेडमिस्ट्रेसबाईंशी वाद काय आणि हसणं काय! मी मागे कणीक मळत ऐकायची. नळाच्या उद्घाटनाला स्वतः जायचं होतं ह्यांना. पण डॉक्टर म्हणाले, विमान विसरा, आधी हार्ट.

तेव्हापासून मी इतकी घाबरलेली, की घरात कुणी ‘जातो’ म्हटलं तरी ओरडायची, ‘येतो म्हणा!’

तर त्या दिवशी नळ सुटला, पोरं नाचली, आणि कॅमेरा वळला दवाखान्याच्या भिंतीकडे. भिंतीवर ह्यांचा मोठ्ठा फोटो. फ्रेम केलेला. आणि त्याला बोगनवेलीच्या फुलांचा घसघशीत हार!

माझा कप कार्पेटवर. “अगं बाई गं!”

“आई, रिलॅक्स,” मुलगी म्हणाली, पण तिचाही चेहरा उतरलेला.

“बरा दिसतोय की मी. केसपण जास्त आहेत,” हे म्हणतात.

“गप्प बसा हो! शुभ बोला काहीतरी.”

हेडमिस्ट्रेसबाईंना आमची तोंडं दिसली. “फुलं आवडली नाहीत का?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. “तुमच्या मागे त्या आजोबांच्या फोटोला हार असतो, मी नेहमी बघते. थोर माणसाला तुम्ही असा मान देता, म्हणून आम्हीही दिला.”

मी मागे वळून पाहिलं. आमचे सासरे, चंदनाच्या हारात. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली.

“काही बोलू नकोस,” हे हळूच म्हणाले. “पोरांनी फुलं वेचलीत.”

मी गप्प बसणार होते हो, खरंच. पण सोमवार डोळ्यांपुढे आला आणि माझं इंग्रजी तोंडातून निसटलं. “मॅडम, दॅट मॅन इज डेड. माय हजबंड इज नॉट डेड! मंडे ऑपरेशन!”

बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग मागे वळून गावाला त्यांच्या भाषेत सांगितलं. ढोल थांबले, पोरं चिडीचूप. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या सणात मी हे काय केलं!

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी उठली. माझ्याच वयाची असेल, काठी टेकत. दोन बायकांनी तिला फोटो खाली काढून दिला. तिनं हार उचलला आणि सरळ स्वतःच्या गळ्यात घातला.

“अहो नको! नको!” मी टीव्हीकडे हात करून ओरडले.

ती काहीतरी बोलली आणि अख्खं गाव हसलं. बाईंनी सांगितलं, “आजी म्हणतात, मी तर जिवंत आहे. माझ्या गळ्यात चालतो ना?”

मला ज्याला बोटही लावायची भीती वाटत होती, तो हार ह्या बाईनं हसत हसत गळ्यात घालून घेतला होता. ना ओळख, ना देख. मी ओढणी तोंडाला लावून बसून राहिले.

ऑपरेशन झालं. हे घरी आले. सासऱ्यांचा फोटो तेवढा मी आतल्या खोलीत नेला. काही दिवसांनी पुन्हा कॉल लावला, तर आजी सगळ्यांत पुढे बसलेली. नळाचं राहू दे, म्हणाली, आधी त्या माणसाला चालून दाखवू दे.

टाक्यांना आधार म्हणून हॉस्पिटलनं दिलेली उशी छातीशी धरून हे उठले. सोफ्यापासून खिडकीपर्यंत गेले आणि आले. तिकडे टाळ्या.

आजीनं एक बोट वर केलं. पुन्हा.

हे पुन्हा चालले.