मत टाका

कुमुदकाकू देवस्थळी मतपत्रिका भरताना डाव्या हाताचा आडोसा करत. शेजारचीला उत्तर दिसू नये म्हणून परीक्षेत हुशार मुलगी करते ना, तसा. शेवटच्या निवडणुकीत टपालाने आलेली मतपत्रिका त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरली, तेव्हा त्या आजारी होत्या आणि सोबतीला मी एकटीच होते. तरी म्हणाल्या, "शुभा, जरा खिडकीकडे तोंड कर बघू." मी त्यांच्या मागच्या अंगणातली पानगळ बघत उभी राहिले. आपण कुणाला मत दिलं हे काकूंनी आयुष्यात कधी कुणाला सांगितलं नाही. ह्या एका हट्टापायी त्यांचा मुलगा त्यांना दुरावला.

अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधली आमची मराठी शाळा दर रविवारी सकाळी एका चर्चच्या तळघरात भरते. ती काकूंनी सुरू केली. मी नागपूरहून लग्न होऊन त्यांच्या शेजारी राहायला आले आणि त्यांच्या हाताखाली शिकवायला लागले. अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वर्ष आलं की मतदानाच्या आधीच्या रविवारी काकू मुलांची निवडणूक घेत. कोपऱ्यात दोरीवर जुनी सुती साडी टाकून आडोसा, बुटांच्या खोक्याची पेटी आणि चिठ्ठीवर दोन्ही उमेदवारांची नावं फक्त देवनागरीत. "वाचता आलं नाही तर मत नाही," हा नियम. एरवी जोडाक्षर म्हटलं की ज्यांच्या पोटात दुखायचं, ती मुलं त्या आठवड्यात मुकाट्याने अक्षरं घोकत बसायची.

आणि गंमत म्हणजे त्या खोक्यातला निकाल देशाच्या निकालाशी जुळायचा. टीव्हीवरचे पंडित तोंडघशी पडले, त्या वर्षीसुद्धा जुळला. मग काय, पालकांना नादच लागला. शिकागोहून, अल्फारेटाहून फोन यायचे, "काय म्हणते काकूंची पेटी?" काकू वैतागायच्या. "माझी शाळा आहे ही, पोपटवाल्याचा पिंजरा नाही!" पण मी एकदा खोदून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "अगं, मुलं कुठे मत देतात? जेवणाच्या टेबलावर जे ऐकतात ते खोक्यात आणून टाकतात. मोठी माणसं सर्व्हेवाल्यांशी सभ्यपणाने खोटं बोलतात. घरात पोळी खाताना नाही बोलत." कुठल्या घरात काय बोललं जातं हे काकूंना मुलांच्या गप्पांवरून पक्कं ठाऊक असायचं. त्यातलं एक अक्षर कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही.

पहिल्या निवडणुकीत त्यांचा मुलगा अमेयही होता, अगदी लहान. साडीमागून बाहेर येताच त्याने आपण कुणाला मत दिलं त्याची आरोळी ठोकली. काकूंनी त्याचा कान धरला. "मतदान म्हणतात त्याला. दान करून कुणी गावभर ओरडतं का?" ही गोष्ट त्या दर निवडणुकीला नव्या मुलांना सांगत आणि सांगताना स्वतःच हसत. पुढे त्यांनी ती सांगणं सोडून दिलं.

त्याचं कारण नोव्हेंबरातल्या एका थँक्सगिव्हिंगचं जेवण. अमेय दूर जॉर्जियातल्या अल्फारेटाहून बायकोला घेऊन आला होता, शेजारधर्म म्हणून मीही पंगतीला होते. नुकताच निवडणुकीचा निकाल लागलेला. अमेयचं आणि त्याच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या डॉक्टरकाकांचं, त्यावरून वाजलं. एक उत्तर तर दुसरा दक्षिण, आणि दोघेही आवाज चढवण्यात सारखेच. काकू मसालेभात वाढत होत्या. शेवटी अमेय त्यांच्याकडे वळला.

"आई, तू सांग. तू कुणाला व्होट केलंस?"

"ते सांगत नसतात, अमेय."

"ही मराठी शाळा नाहीये, आई! आय नीड टू नो."

"भात घे अजून."

"सांग की कुमुद," काका म्हणाले. "कळू दे त्याला."

काकूंनी भातवाढी खाली ठेवली आणि भाताचं भांडं उचलून त्या आत गेल्या. अमेयने त्याच संध्याकाळी बॅगा भरल्या. "तू कुणाच्या साइडला आहेस ते मला कळलं," एवढंच तो दारात बोलला. त्यानंतर वाढदिवसाचे फोन आले, मग नुसते मेसेज. काका गेले तेव्हा आला, पण हॉटेलात उतरला आणि सगळं आटोपताच परत गेला. पोटच्या मुलाने घर असताना हॉटेलात उतरावं, हे काकूंना फार लागलं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, सांगून टाका ना त्याला एकदाचं. काय बिघडतं?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं तर एक जिंकला असता आणि एक हरला असता. मला माझ्या घरात निकाल नको होता गं."

ह्या शेवटच्या वेळची मुलांची निवडणूक काकूंनी खुर्चीत बसून घेतली. औषधांनी पार वाळल्या होत्या. फळ्यावर मला लिहायला लावलं : नाव वाचा. खूण करा. मत टाका. पेटी उघडली, चिठ्ठ्या मोजल्या आणि दोन्हीकडे समसमान! असं कधीच झालं नव्हतं. शिवाय एक चिठ्ठी कमी भरत होती. शोधाशोध झाली, तेव्हा छोट्या मीराने मूठ उघडली. तिची आई लखनौची, घरात हिंदीच जास्त.

"टाकली का नाहीस गं?" काकूंनी विचारलं.

मीराने फळ्याकडे बोट दाखवलं. "इट सेज मत टाका! मत मीन्स डोन्ट. सो मी नाही टाकलं."

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पालकांनी मात्र गलका केला. "काकू, एकच तर मत आहे, टाकू दे ना तिला! कोण येणार ते तरी कळेल." काकूंनी मीराची मूठ परत मिटवली. "पेटी उघडल्यावर मत टाकता येत नाही. यंदा तुमचं तुम्ही बघा."

मी त्यांना गाडीतून घरी सोडायला निघाले. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "पोरगी चुकली नाही, शुभा. माझ्या घरात मत म्हणजे नकोच झालं." आणि रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होते. मी गाडी कडेला घेतली.

जानेवारीत, ऐन बर्फात, काकू गेल्या. अमेयला मीच फोन केला होता. तो पोचला तेव्हा त्यांची शुद्ध हरपली होती. तो हात धरून बसून राहिला, आई आई करत राहिला. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. ह्या वेळी तो घरीच उतरला.

सगळं पार पडल्यावर एका सकाळी मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेले. तो स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी, आईच्या खुर्चीत बसला होता.

"शुभाताई, तुला तरी सांगितलं होतं का तिने? त्या वर्षी कुणाला व्होट केलं ते?"

"नाही रे."

"इट्स ओके. मला माहीत होतंच. ती बाबांच्या साइडला होती."

मी कप खाली ठेवला. काकांच्या शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्याजवळ बसत असे. एकदा ते जे बोलले होते ते मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. "कुमुद पहिल्यापासून पोराच्या बाजूची. मला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही एवढंच."

अमेय माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याची मान खाली गेली. त्याने टेबलावर कोपर टेकलं आणि डाव्या हाताचा चेहऱ्याला आडोसा केला.

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.