टपावरचा वळवलेला पत्रा

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा माझे दोन्ही हात पापडाच्या पिठात होते. आमच्या घरी फोन नव्हता, तो समोरच्या औषधाच्या दुकानात यायचा. दुकानाचे मालक स्वतः रस्ता ओलांडून आले आणि दारातच थांबले. "शैलाताई, रोह्याहून फोन होता, तुमच्या वहिनींचा... लगेच निघा म्हणाल्या." पहिल्या शिफ्टला जायला दादा नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा होता, तिथेच छातीत कळ आली. बसमधल्या माणसांनीच त्याला दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. चोपन्न वर्षांचा होता. माझे यजमान त्या दिवशी माल घेऊन पुण्याला गेले होते, त्यांना कळवायची काही सोय नव्हती. मी एसटीने रोह्याला गेले. ते संध्याकाळी पेणला पोचले, शेजाऱ्यांकडून कळलं, तसाच टेम्पो वळवून आले. तोवर दादाला पोचवून माणसं परतली होती. ते सुमनवहिनींसमोर जाऊन बसले. दादा आणि यांच्यात एकेकाळी बोलणं बंद होतं, हे तिथे बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं.

दादा, म्हणजे प्रभाकर, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आयटीआयला पत्राकाम शिकला आणि धाटावच्या एका केमिकल कंपनीत लागला तो शेवटपर्यंत तिथेच. कारखान्यातल्या वाफा आणि धूळ ओढून बाहेर टाकायला पत्र्याचे मोठाले बोगदे असतात, डक्ट म्हणतात त्यांना. ते बनवायचं त्याचं काम. पुस्तकं त्याने फारशी वाचली नाहीत, पण वीस वर्षं हवेला इकडून तिकडे नेण्यात गेल्यामुळे तिचा स्वभाव त्याला चांगला कळला होता. "हवेला कोपरा आवडत नाय गो," तो म्हणायचा. "काटकोनात वळवलीस की अडते, भोवरे करते, नि तिकडं मोटर तापते. तोच बाक गोल दे, मोटर गुपचूप चालते." मला यातलं काही कळत नसे. मी हो हो करायचे आणि त्याला चहा द्यायचे.

आमचा पोह्याच्या पापडांचा आणि मिरगुंडांचा धंदा. एक टेम्पो होता, मागे उघडा हौदा, वर ताडपत्री. एका पावसाळ्यात ताडपत्रीतून पाणी गेलं आणि अख्खी खेप भिजली, म्हणून यांनी हौद्यावर पत्र्याची बंद बॉडी बांधून घेतली. खोकी जास्त मावावीत म्हणून ती उंच केली, ड्रायव्हरच्या केबिनपेक्षा दोन-अडीच फूट वर. माल कोरडा राहू लागला, पण टेम्पो डिझेल प्यायला लागला. यांनी मिस्त्री बदलला, नोझल साफ करून घेतले, पंप खोलला. फरक शून्य. घरात रोज त्याचीच कटकट. त्यात एका सुट्टीच्या दिवशी दादा आला. चहा घ्यायच्या आधी तो टेम्पोसमोर जाऊन उभा राहिला आणि मला हाक मारली. "शैले, हितं ये. माश्या कुठं मेल्यात बघ." बॉडीचा जो भाग केबिनच्या वर सपाट उभा होता, तिथे किडे चिकटून काळा थर झाला होता. तिरप्या काचेवर त्यामानाने थोडेच. "काचेवरून हवा निसटते, तिच्याबरोबर चिलटंबी निसटतात. वर भिंत हाय. तिथं ती थेट आपटते. रमाकांतराव, तुमचं इंजिन ठीक हाय. तुम्ही रोज एक भिंत ढकलत पुण्याला नेताय."

हे हसले. "हवेला काय वजन असतं व्हय, दादा?"

"जोरात जाताना असतं. सायकलवर उलटा वारा लागला की कळतं ना? घाटात गाडीचं वजन डिझेल खातं, सपाटीला वेगात हवा खाते."

पुढच्या सुट्टीला तो लाल लोकरीचा गुंडा घेऊन आला. वीतभर लांबीचे तुकडे कापून चिकटपट्टीने बॉडीच्या पुढच्या बाजूला आणि दोन्ही अंगांना लावले. सकाळी खोपोलीच्या रस्त्याला हे टेम्पो घेऊन पुढे निघाले आणि आम्ही दोघं दादाच्या स्कूटरवर बाजूने. मी मागे बसून दोऱ्यांकडे बघायचं आणि काय दिसतं ते ओरडून सांगायचं, अशी वाटणी. केबिनच्या दारावरचे दोरे सरळ मागे ताणले होते, शिस्तीत. बॉडीच्या पुढच्या कोपऱ्यांजवळचे मात्र वेड लागल्यासारखे गोल फिरत होते, काही तर चक्क पुढे वळत होते. मी ते सांगितलं तेव्हा दादाला इतका आनंद झाला की स्कूटर खड्ड्यात गेली. हवा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. तिला दिसायला लोकर लागते, एवढंच.

पण पहिला प्रयोग फसला. दादाने केबिनच्या टपावर एक सपाट पत्रा तिरपा बसवला. घाईत केला, थोडा ठेंगणा झाला. हवा त्याच्यावरून उडून पुन्हा बॉडीच्या वरच्या कडेवरच आपटत होती. डिझेल जेवढ्याला तेवढंच, वर घरघर वाढली. तिसऱ्या फेरीत खोपोलीच्या अलीकडे एक बोल्ट तुटला आणि पत्रा काचेवर आदळायला लागला. मागून मोटारसायकलवर नवराबायको येत होते. पत्रा सुटून गेला असता तर... यांनी गाडी कडेला घेतली आणि तो उपटून शेतात टाकून दिला. त्या रविवारी आमच्याकडे पाहुणे होते, दादाही होता. हे घाबरलेले होते, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, तुमची अक्कल डक्टात चालते. रस्त्यावर माणसं मरतात. आमच्या गाडीला पुन्हा हात लावू नका." दादा पानावरून उठला नाही. जेवण पुरं केलं, हात धुतले आणि गेला. त्यानंतर आठ महिने तो पेणला आला नाही. भाऊबीजेलासुद्धा मीच रोह्याला गेले.

मला वाटलं होतं, अपमान गिळून त्याने तो विषय सोडला असेल. पण त्या भाऊबीजेला त्याच्या घराच्या गॅलरीत गेले तर बाकावर लाकडाचे चार छोटे टेम्पो मांडलेले, प्रत्येकाच्या टपाचा आकार वेगळा. एका टोकाला टेबलफॅन, त्याच्यापुढे कागदी नळ्यांची जुडी. पंख्याची हवा भोवरे घेत येते, नळ्यांतून गेली की सरळ होते, असं तो म्हणाला. मग उदबत्ती पेटवून पहिल्या टेम्पोपुढे धरली. धूर सपाट भिंतीवर आपटून फाटला. चौथ्याच्या टपावर गोल वळवलेला पत्रा होता, दोन्ही बाजूंनाही थोडा वळवलेला आणि पार बॉडीच्या कडेपर्यंत पोचणारा. धूर त्याच्यावरून अख्खाच्या अख्खा पलीकडे गेला. "चुकी माझी होती," दादा म्हणाला. "उंची कमी पडली नि बोल्ट चार लावले, आठ पायजे होते. ते रागावले ते बरोबरच. पण सगळ्यांसमोर बोलायला नको होतं." खरा पत्राही कापून, वळवून जिन्याखाली ठेवला होता. "बसवायला मी येणार नाय. मला सांगितलंय हात लावू नका म्हणून."

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. मी भांडले नाही, फक्त म्हणाले, "त्याने स्वतःची चूक कबूल केली. तुमची बाकी आहे." तिसऱ्या दिवशी हे टेम्पो धुऊन रोह्याला घेऊन गेले. तिथे काय झालं ते वहिनींनी सांगितलं. हे दारात उभे राहून म्हणाले, "दादा, पत्रा तयार हाय म्हणं. मी तेव्हा नको ते बोललो." दादा आत गेला आणि बोल्ट आवळायचे पाने घेऊन बाहेर आला. दिवसभर दोघं टपावर होते. आठ बोल्ट, प्रत्येकाखाली रबर. संध्याकाळी वहिनींनी दोघांना एकाच ताटात भजी दिली.

डिझेल मोजायची रीतही दादाचीच. एकच पंप, टाकी गळ्यापर्यंत भरायची, फेस बसला की पुन्हा भरायची, तेवढाच माल, तोच रस्ता. चार फेऱ्या यांनी नुसता हिशेब लिहून ठेवला. पाचवीनंतर म्हणाले, "फेरीला दोन लिटर वाचतंय. कधी थोडं जास्त." फार नाही. पण आठवड्याला दोन फेऱ्या, वर्षभर... त्यावर यांना वाटायला लागलं की दोघांनी मिळून हेच काम सुरू करावं. गिऱ्हाइकंही आली. रोहा-धाटाव शिफ्टची माणसं नेणारा एक जण गाडीला असाच पत्रा लावून मागत होता. दादाने त्याला परत पाठवलं. "तुझी गाडी तिशीच्या वर जाते कधी? तेवढ्याला हवा आडवी येत नाय. त्यापरीस टायरात हवा भर." एक डॉक्टर त्यांची नवी चौकोनी गाडी घेऊन आले, तर दादा म्हणाला टपावरचा रिकामा कॅरिअर काढून ठेवा, बाकी काही करू नका. हे वैतागले. "अशानं धंदा होईल व्हय?" दादा म्हणाला, "नाय होणार." आणि नाहीच झाला. यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, उलट पुढे कुणी विचारलं की हेच त्याला रोह्याला पाठवायचे.

दादा जाण्याच्या महिनाभर आधी शेवटचा आला होता. त्या दिवशी तो टेम्पोच्या मागे बराच वेळ उभा होता. मी विचारलं, मागे काय बघतोस? म्हणाला, पुढची हवा सांभाळली, पण मागे गाडी सरळ कापल्यासारखी संपते, तिथे पोकळी होते आणि गाडी ती पोकळी ओढत नेते. शेपटीकडे उतरता आकार दिला तर तेही कमी होईल. एवढंच बोलला. मला पीठ मळायचं होतं, मी आत गेले.

परवा वहिनींनी त्याच्या कपाटातला एक कागद दिला. टेम्पोचं पेन्सिलीने काढलेलं चित्र, मागचा भाग उतरता केलेला. मापं घातली आहेत. खाली त्याच्या तिरप्या अक्षरात लिहिलंय : 'उतार दिला तर खोकी कमी बसतील. शैलाला विचारणे.'

त्या टेम्पोबद्दल मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. चालवणारे हे, दुरुस्त करणारे मिस्त्री. मी खोकी भरणारी. कागद आता पापड बांधायच्या खोलीत भिंतीवर लावला आहे. काल मी रिकामी खोकी टेम्पोत रचून बघितली. वरची एक रांग जाते, बाकी सगळी बसतात.

चालेल, दादा.