‘दुबार’चं अडलेलं गाणं

आमच्या बँडची कॅसेट कधी निघाली नाही. फोटो धड एकच, त्यातही माझे डोळे मिटलेले. पण किस्से म्हणाल तर पोत्यानं! दोघं जुने भेटलो की एक निघतो, तो सरायच्या आत दुसरा, आणि शेवटी हॉटेलवाला म्हणतो, "शेषराव, उठा आता. गिऱ्हाइकं उभी हायेत."

शेषराव म्हणजे मी. आखाडा बाळापूरला माझं सायकलचं दुकान, आणि बँडमध्ये ड्रम. गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचा रम्या औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेला आणि इंजिनिअरिंग तिथंच सोडून गिटार घेऊन परत आला. त्यानं आधी एक बँड काढला होता, तो उगवलाच नाही. म्हणून आमच्या बँडचं नाव ‘दुबार’. पहिलं पेरलेलं वाया गेलं की शेतकरी पुन्हा पेरतो ना, तसं.

रम्याच्या डोक्यात एकच खूळ. पाऊण तासाचं एक गाणं करायचं, त्यात रॉक, त्यातच राग, त्यातच बंजारा तांड्यावरची गाणी! लोक म्हणायचे, "तेवढ्या टायमात आमचं भजनी मंडळ धा भजनं म्हनतं. तुमचं एक काहून सरंना?"

बराबर होतं त्यांचं. ते गाणं सरतच नव्हतं. का ते सांगतो.

*

प्रॅक्टिस कापसाच्या रिकाम्या गोदामात, शेजारी शाळा. एक दिवस शाळेतले संगीताचे विनायकबुवा तावातावानं आले. पोरांना प्रार्थनासुद्धा ऐकू येत नाही म्हणे! पण रम्याचा हात तारांवर चालूच होता. बुवा ओरडता ओरडता थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले, "निषाद उतरलाय तुझा."

रम्यानं ट्यूनर काढला, छोटी डबी होती, तिच्यावर काटा हलायचा. बुवांनी ती डबी पाहिली आणि म्हणाले, "मशीनला विचारून सूर लावतोस? मग गायलाही तिलाच बसव!"

दुसऱ्या दिवशी तंबोरा घेऊन स्वतःच हजर! कडक असा माणूस की काय सांगू. तंबोरा लागेपर्यंत आम्ही दोनदा चहा पिऊन यायचो. पण लागला की गोदामाचे पत्रे गुणगुणायचे हो, खरंच.

एकदा रम्यानं स्वतः गाऊन दाखवलं. बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन्ही हात जोडले. "रमेश, तू वाजव. चांगलं वाजवतोस. गाऊ नकोस, पाया पडतो तुझ्या."

त्यानंतर रम्यानं बँडमध्ये गायला तोंड उघडलं नाही.

*

आता याडी. डोंगरकड्याकडच्या तांड्यावरच्या हिराबाई राठोड. याडी म्हणजे आई. सगळा तांडा तसं म्हणायचा, म्हणून आम्हीही. होळीला तिची लेंगी, म्हणजे तांड्यावरचं होळीचं गाणं, ऐकून रम्या वेडाच झाला. आठवडाभर तांड्यावर फेऱ्या मारल्या. शेवटी याडीच म्हणाली, "येते बाबा. तुझे जोडे झिजून राहिले."

पहिल्याच कार्यक्रमात घोटाळा. याडीच्या हातात कोपरापासून वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, ती हात हलवायची आणि माइकमध्ये खळ्ळ! साऊंडवाला वैतागला. "बाई, तेवढ्या बांगड्या काढून ठेवा."

याडी त्याच्याकडे बघत म्हणाली, "काहून काढू? मालक जित्ता हाये माझा! थो पाहा, भजे खाऊन राहिला!"

मालकांनी भज्यासकट हात वर केला. टाळ्या!

रम्या मात्र हसला नाही. तो बांगड्याच ऐकत बसला होता. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "शेषा, तू हाय-हॅटची झांज वाजवू नको. तिथं याडीच्या बांगड्या." आणि काय सांगू, तसा ठेका मला पुन्हा कुणाच्या ड्रमवर ऐकायला मिळाला नाही.

*

तर गाणं का अडलं होतं? शेवट नव्हता त्याला.

रम्याला शेवटी ढावलो पाहिजे होता. लेक सासरी निघाली की तांड्यावर तिच्या गळ्यात पडून रडत रडत जे गातात, ते. बाया गातात आणि नवरीनंही गायचं असतं. रम्यानं तो कुठल्याशा लग्नात लांबून ऐकला होता, आणि गाण्याला दुसरा शेवट त्याला चालतच नव्हता.

याडी लेंगी गायची, जात्यावरचं गायची, मागाल ते गायची. ढावलो म्हटलं की तोंड बंद. "लेक निघाल्याशिवाय ढावलो न्हाई गात. घरातून कोनी जात नसताना गायला, म्हंजे कोनाला तरी धाडलंच की! मी न्हाई धाडत कोनाला."

रम्यानं विनवण्या केल्या, रुसला, जेवला नाही. याडीनं भाकरी वाढली पण ढावलो दिला नाही. आणि रम्याही असला हट्टी, तिथं दुसरं काहीच बसवेना. गाणं तिथवर यायचं, बुवा षड्ज धरायचे, मी सात मात्रांचा ठेका सोडून द्यायचो, आणि आम्ही नुसते उभे!

*

हिंगोलीच्या एका स्पर्धेत तसेच उभे राहिलो. परीक्षक वाट बघून म्हणाले, "झालं का?"

बुवा म्हणाले, "नाही."

"मग पुढचं?"

बुवांनी याडीकडे हात केला. "यांनी हो म्हटलं की."

याडी म्हणाली, "न्हाई."

बक्षीस गेलं. परीक्षक मात्र जेवण सोडून मागच्या खोलीत आले, आणि तेवढं पुन्हा वाजवा म्हणाले. शेवटाशिवाय!

*

सात मात्रांवरून आठवलं. डोंगरकड्याला एका लग्नात ऐनवेळी वाजंत्रीवाले आलेच नाहीत, तर आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं. जनरेटर, गिटार, ड्रम, बुवा तंबोऱ्यासकट! रम्या वरातीतही साधं वाजवायला तयार नाही. सुरू केलं आपलं सात मात्रांचं.

लोक नाचायला लागले, पण पाय काही जमेना. उजवा टाकावा तर ठेका डाव्यावर. एकमेकांवर आपटून राहिले. नवरदेवाचा मामा घामाघूम होऊन ट्रॉलीपाशी आला. "ओ मास्तर! ह्यात एक पाय वरच राहून राहिला, थो खाली कवा ठिवायचा?"

बुवा ट्रॉलीतून वाकले आणि त्यांनी मामांना टाळी देऊन सम दाखवली. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा मामांनी समेवर असा पाय आपटला की धुरळा उडाला! मग वरात दारात पोचली तरी कुणी थांबेना. नवरीकडचे ओवाळायचं ताट घेऊन ताटकळले.

*

जवळा बाजारला तर भर गाण्यात लाइट गेली. गिटार मेली, माइक मेला. रम्या डोकं धरून खाली बसला. बाजाराची गर्दी उठायच्या बेतात, तेवढ्यात याडी स्टेजच्या कडेला आली आणि बिनमाइकनं सूर लावला. पार बैलबाजारापर्यंत! बुवांनी तिच्या सुराला आपला सूर लावला. रागदारीचा माणूस आणि तांड्यावरची बाई, मध्ये नुसत्या बांगड्या. मी काड्या खाली ठेवल्या. वाजवावंसंच वाटेना.

लाइट आली तर लोकच ओरडले, "बंद करा रे थे मशीन!"

रम्या म्हणाला, "शेषा, मी उगाच गिटार शिकलो." पण काय खूश होता!

*

आणि मग रम्या निघाला. लग्न झालेलं, लेकरू झालेलं, वडील थकलेले. पुण्यात एका कंपनीत नोकरी लागली. ‘दुबार’ तिथंच संपणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सकाळची नांदेडची एसटी. बाळापूरच्या स्टँडवर रम्या पत्र्याची पेटी आणि चादरीत गुंडाळलेली गिटार घेऊन उभा. दाढी वाढलेली. बुवा आले. मी आलो. याडी तांड्यावरून चालत आली आणि रम्याजवळ उभी राहिली.

गाडी लागली. रम्यानं वाकून याडीच्या पायांना हात लावला. तिनं त्याला उठवलं, गळ्यात हात टाकले आणि एकदम मोठ्यानं ढावलो सुरू केला!

स्टँड जागच्या जागी थांबलं. बुवांनी कानावर हात ठेवून षड्ज धरला. माझे हात आपोआप रम्याच्या पेटीवर गेले, सात मात्रा, नेहमी सोडून द्यायचो तिथूनच पुढं. मला रडू फुटलं होतं, खोटं कशाला सांगू. रम्या नुसता तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होता.

बुवा ओरडले, "रमेश, गा! नवरीनं गायचं असतं! गा रे!"

आणि रम्या गायला. बेसूर, फाटक्या आवाजात, अगदी शेवटपर्यंत. बुवांनी एकदाही टोकलं नाही.

गाडीतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. कंडक्टरही हातात घंटीची दोरी धरून थांबलेला. सगळं शांत झाल्यावर तो खाली उतरला, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "बाई, टायम झाला. नवरी कुठं हाये? बसवून घेऊ."

याडीनं पदरानं रम्याची दाढी पुसली आणि त्याला पुढं केलं.

"ही काय. खिडकीपाशी बसव तिला."