गोगलगायीचं नसलेलं जनुक

स्नेहा आमच्या शेजारच्या देवमनची मुलगी. देवमन आणि मी जऊळक्याला रेल्वेच्या रूळ-दुरुस्तीच्या गँगमध्ये बरोबर होतो. तो वारला, मी निवृत्त झालो. त्याची बायको भागिरथा पडली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून स्नेहा संशोधनाचं काम घेऊन घरी आली. तेव्हापासून तिला काम करताना पाहतो.

समुद्रातल्या एका लहान गोगलगायीचा डीएनए काढायचा, यंत्राने वाचायचा, तुकडे जुळवायचे. एवढं तिने प्रयोगशाळेत केलं होतं. आता त्या लांबलचक मजकुरात कोणतं जनुक कुठे सुरू होतं, कुठे संपतं, काय करतं, हे नोंदवायचं. संगणक अंदाज देतो, पण दोन जनुकं एकात घुसडतो, एकाची दोन करतो. प्रत्येक अंदाज माणसाने तपासावा लागतो. आईची आंघोळ उरकून ती बसते. मान आखडते, डोळे लाल होतात. बसून करायचं काम हलकं, असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

गावातला पुंजाजी तिला म्हणाला, "समुद्रावर कायले जा लागते? माह्या सोयाबीनमधल्या बादलीभर घेऊन जाय."

तिचा प्रबंध एका जनुकावर उभा होता. शेवाळ पचवण्याचं जनुक. या गोगलगायीत ते आधी कोणाला सापडलं नव्हतं.

एका दुपारी ते जनुक तपासताना तिचा हात थांबला. प्राण्याच्या जनुकात मधेमधे गाळून टाकायचे तुकडे असतात. यात एकही नव्हता. शेजारच्या जनुकांतही नव्हता. जिवाणूंची जनुकं अशी असतात. चूक कुठे झाली तेही तिला कळलं. या प्राण्याचा चिकट स्राव डीएनए नासवतो. नुसतं पायाचं मांस घेऊन किती तरी वेळा करूनही हाती काही आलं नव्हतं. कंटाळून तिने अख्खा प्राणी वाटला, पोटासकट. पोटातले जिवाणूही त्यात वाचले गेले.

मार्गदर्शक सरांना सांगते, असं ती म्हणाली. भागिरथा खाटेवरून म्हणाली, "मंग सरले कायले सांगून राह्यली? कोणाले समजते?"

"मले समजलं ना, माय."

तिने फोन केला. सर रागावले नाहीत. म्हणाले, ते जनुक काढ, आणि जिवाणूंचं आणखी काय शिरलंय ते सगळ्या तुकड्यांत बघ. शिष्यवृत्ती दिवाळीपर्यंतच होती. तोवर हे होणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

तिने ती नोंद पुसली. आईला धरून अंगणात चालवलं, परत खाटेवर टेकवलं. मग पहिला तुकडा उघडला.

मी म्हटलं, आज राहू दे.

"राहू देलं तरी तेवढंच राह्यते, काका," ती म्हणाली आणि खुर्ची दाराकडे, उजेडात ओढली.