दिनकरभावोजींच्या दोन पिवळ्या तारा

कापड्याहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या घरी कपड्यांच्या घड्या घालत होते. "काकू, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला... माझे धाकटे दीर दिनकरभावोजी गेले, त्याला सहा आठवडे झाले.

ईशा, नील, पोलादपूरजवळच्या हायवेवरच्या हॉटेलात तुम्ही ज्या पिनबॉलवर तासन्‌तास खेळायचात, ते मशीन तुमचे हे आजोबा सांभाळायचे. काचेखालची स्टीलची गोळी खाली पडू नये म्हणून तुम्ही बटणं बडवायचात आणि ते लांबून संशयाने बघत उभे असायचे. संशय हा त्यांचा स्वभावच. बिस्किटांचा बंद पुडासुद्धा ते हातात तोलून घेत. तरुणपणी मुंबईच्या गेम पार्लरमध्ये ते मेकॅनिक होते. तिथल्या जुन्या मशीनच्या पोटात तारांचा नकाशा चिकटवलेला असे. या नव्या मशीनबरोबर मात्र एक जाड इंग्रजी पुस्तक आलं आणि मी जन्मभर इंग्रजी शिकवलेलं म्हणून ते माझ्याकडे आलं. मी वाचायचे, भावोजी ऐकायचे.

"वहिनी, पानं गाळत नाय ना?"

"नाही हो. इथे लिहिलंय, बोर्ड बिघडल्यास नवा बसवावा."

"म्हंजे दुरुस्ती करूच नाय! तार कुठली कुठं जाते, ते लपवलंय बघा."

पुस्तकात खरोखरच इशारे भरपूर होते आणि नकाशा नव्हता. पण मला भावोजींचाही संशय येई. मशीन आपल्याच हाती राहावं म्हणून तेही कुणाला काही सांगत नसावेत. एकदा मी बोलून गेले, "तुम्ही तरी कुठे सांगता कुणाला?" ते त्यांना लागलं. पुढच्या आठवड्यात येऊन त्यांनी एकेक तार माझ्याकडून लिहून घेतली. त्यात एक तार 'हळदी' होती, एक 'लिंबी'. असले घरगुती शब्द मला कागदावर बरे दिसेनात. सुवाच्य प्रत काढताना मी दोन्हीकडे 'पिवळी' लिहिलं.

"वाचून दाखवा," ते म्हणाले.

"भावोजी, आता माझ्यावरही संशय?"

ते हसले आणि कागद तसाच घेऊन गेले.

पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते मुंबईला गेले असताना मशीन अडलं. हॉटेलचा इलेक्ट्रिशियन संतोष, आमच्या लांबच्या नात्यातला, त्याने माझा कागद बघून तारा जोडल्या आणि बोर्ड जळला. "जळतोय माझ्यावर, मुद्दाम केलंन," भावोजी म्हणाले. मॅनेजरने संतोषला मशीनला हात लावायला बंदी केली. मला शंका आली म्हणून मी कच्चा कागद काढला. त्यावर हळदी आणि लिंबी वेगवेगळ्या ठिकाणी जात होत्या. एकीत गोळी उडवणाऱ्या कॉइलचा जोरदार करंट, दुसरीत बोर्डाचा नाजूक... मी गप्प राहिले. आज सांगू, उद्या सांगू म्हणता दोन वर्षं गेली. भावोजी संतोषला बोलत आणि मी त्यांच्यापुढे चहा ठेवत असे. त्यांनी जगातल्या प्रत्येकावर संशय घेतला, त्या कागदानंतर एक माझ्यावर घेतला नाही.

तेरावं झाल्यावर मी दोन्ही कागद घेऊन हॉटेलात गेले. मॅनेजरला बोलावलं आणि त्याच्यासमोर संतोषला सांगितलं, की चूक माझी होती, तुझी नाही.

संतोषने दोन्ही कागद शेजारी धरले. "मॅडम, दोन पिवळ्या बघून मी तेव्हा थांबलो होतो," तो म्हणाला. "पण अक्षर एवढं सुंदर... म्हटलं, हे काय चुकायचं नाय."

"भावोजी शेवटपर्यंत तुला बोलत राहिले रे."

"ते तर पंख्यालापण बोलायचे," तो म्हणाला. पण हसला नाही.

मी तिथेच बसून नवा कागद लिहिला. हळदीला हळदी, लिंबीला लिंबी. तो हातात देऊ लागले तर संतोषने घेतला नाही. मॅनेजरकडून किल्ली घेऊन त्याने मशीनची काच काढली, आतली फळी उचलून टेकवली आणि पहिल्या तारेवर बोट ठेवलं.

"आता वाचून दाखवा," तो म्हणाला.

मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.