वाकडी रांग आखणारे हुसेनमामा

शिरूरला वनखात्याच्या कचेरीत हजेरीपट चाळत बसलो होतो. यवतहून एसटीने आलेल्या कौसाबाईने दारातूनच सांगितलं, "हुसेनमामा गेलं... पहाटंला, झोपंतच." आमच्याकडे मजुरीवर खड्डे खणणाऱ्या या बाईला मी रडताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्याला आता दोन महिने होतील. पण मामांची आठवण निघाली की मला आधी हसूच येतं, आणि त्यांना तेच आवडलं असतं.

हुसेनमामा आमचे मुकादम. दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात मी दौंड तालुक्यात वनपाल म्हणून नवाकोरा रुजू झालो, तेव्हा माळ म्हणजे ओसाड जमीन आणि तिथे झाडं लावणं म्हणजे पुण्य, एवढंच माझं ज्ञान. मामा दोरी ताणत, चुन्याच्या फक्कीने खुणा करत आणि बाया त्या खुणांवर खड्डे खणत. मामांची रांग सुतासारखी सरळ. साहेब लोक टोकाला उभे राहून, एक डोळा मिटून रांग तपासत. मुकादमाची इज्जत त्यावरच ठरायची आणि मामांना त्या इज्जतीचा भारी तोरा होता.

एकदा माळाच्या उंचवट्यावर मला बिळं दिसली. "घुशी असतील, दगड घालून बुजवा," मी हुकूम सोडला. मामांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सायेब, उद्या दिस उगवताना या. आन् धुतल्याली कापडं घालू नका." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चक्क गवतात पालथं झोपवलं. कुसळं शर्टातून टोचत होती, मी मनातल्या मनात मामांना शिव्या घालत होतो... तेवढ्यात बिळातून एक टोकदार तोंड बाहेर आलं. खोकड! कोल्ह्याहून चणीने लहान, शेपटीचं टोक काळं. मागोमाग पिल्लं आली आणि आईच्या शेपटीवर तुटून पडली. मामा तोंडावर पटका दाबून हसत होते. "उंदरं खातंय, टोळ खातंय. ह्याला उघडं रान लागतं. तुमच्या झाडीत ह्यानं ऱ्हावं कुठं?" त्या सकाळी झाला तितका आनंद मला नोकरी लागल्याच्या दिवशीही झाला नव्हता.

मामांनी बिळांपाशी दोरी वाकवली आणि चांगला ऐसपैस तुकडा मोकळा सोडला. आठवड्याने मोठे साहेब आले. एक डोळा मिटला आणि कडाडले, "ही रांग कोणी आखली?" खरं तर तोंड मी उघडायला हवं होतं. पण नोकरी नवी... माझी दातखीळ बसली. मामा पुढे झाले. "माझीच चूक, सायेब. वय झालं, नजर काम देत न्हाई." उडत्या घारीच्या पायातला सरडा ओळखणारा हा माणूस! पाऊस तोंडावर होता म्हणून त्या मोकळ्या तुकड्यात नवे खड्डे खणणं टळलं, पण मामांची मुकादमी त्या हंगामापुरती गेली. बायांच्या बरोबरीने ते कुदळ मारू लागले. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाले, "आवो, पिल्लं खेळत्यात न्हवं? मग झालं की." आणि खो-खो हसले. मला मात्र माझं ते गप्प बसणं लागलं, अजून लागतं.

परवा इकडे शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईजवळच्या माळावर नवं काम निघालं; खड्डे खणायला कौसाबाईही होती. तिथेही बिळं सापडली. या वेळी दोरी मी वाकवली. भल्या सकाळी नवे साहेब पाहणीला आले आणि प्रश्न तोच आला.

"मी वाकवली," मी म्हणालो. "इथे खोकड राहतं. ही जागा मोकळी ठेवायची आहे. तसं लेखी देतो, खाली सही माझी."

साहेब वाकून बिळांकडे पाहू लागले. मग त्यांनी हळूच विचारलं, "पिल्लं किती आहेत?"

मी सवयीने बाजूला वळलो, मामांना विचारायला...

"चार," मागून कौसाबाई म्हणाली. "तीनच दिसत्याल. चौथं लंगडं हाय, मागनं येतंय. त्याच्यासाठी जरा थांबाया लागतं, सायेब."

साहेब थांबले.