दुधीवरचं नख

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत थेट पिकवणाऱ्याकडून भाजी घ्यायची, ही कल्पना माझी. निवृत्तीनंतर माणसाला अशा कल्पना सुचतात. सिंहगडापलीकडच्या गावातली एक शेतकरीण तयार झाली. आम्ही शुक्रवारी मोबाइलच्या गटावर मागणी नोंदवायची, तिने तेवढीच भाजी तोडून शनिवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये आणायची. ‘तुमच्या शब्दावर शनिवारचा व्यापारी सोडलाय बरं का ताई,’ ती पहिल्याच दिवशी म्हणाली. ‘निश्चिंत राहा,’ मी म्हटलं. केवढा तो रुबाब माझा!

वजन करून पिशव्या बांधूनच आणते, असं तिचं म्हणणं होतं. त्याला आमच्याकडून कडाडून विरोध झाला. भाजी काय न निवडता घ्यायची? मग उघडे क्रेट मांडायचं ठरलं. शनिवारी सगळे खाली उतरायचे. भेंडीचं टोक मोडायचं, कोवळी निघाली तरी ती परत टाकून दुसरी मोडायची. वांगी दाबायची, दुधीला नख लावायचं. उशिरा येणारे नाक मुरडायचे, ‘चांगली राहिलीच नाहीये हो,’ आणि स्वतः मागवलेली भाजी तिथेच सोडून लिफ्टने वर जायचे. दर शनिवारी दोन-तीन क्रेट तिच्याबरोबर परत जायला लागले.

मी गटावर खरमरीत लिहिलं, ‘कृपया टोकं मोडून भेंडीची परीक्षा घेऊ नये, ती दहावीला बसलेली नाही.’ लोकांना फार आवडलं. भराभर अंगठे आले. पुढच्या शनिवारी परत तेच.

त्या दिवशी मी तिच्या शेजारी उभी राहून समस्त सोसायटीला नावं ठेवत होते आणि बोलता बोलता दुधी बघत होते. तिने माझ्या हातातला दुधी घेतला आणि फिरवून दाखवला. नखाची खूण होती. ताजी, पाणी सुटलेली. माझीच. अगं बाई! चाळीस वर्षं दुधी असाच घेतला, नख कधी लागलं ते कळलंसुद्धा नाही.

‘उद्याच्याला हे काळं पडतंय,’ ती म्हणाली. ‘मग व्यापारी हात लावत न्हाई.’ ती चिडली असती तर बरं झालं असतं. ‘तो भाव पाडतोय, पर समदं उचलतोय. तुमीच सांगा ताई, फुडल्या शनवारी हितं येऊ का त्याच्याकडं जाऊ?’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशव्यांचं पुन्हा काढलं तर निम्मे लोक मागणीच बंद करतील, हे मला ठाऊक होतं. पलीकडे भेंडीच्या क्रेटवर चार जण वाकलेले होते.

‘त्याच्याकडेच जा,’ मी म्हणाले.

‘बरं,’ ती म्हणाली आणि क्रेट उचलायला लागली. तिने जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.